टायरवर बोटभर जागा नसताना मडगार्ड कसं बसवायचं

मे संपत आला की ओळखीतल्या सायकलवाल्यांचे फोन सुरू होतात. "मडगार्ड आणलंय, पण बसत नाहीये." जाऊन बघावं तर बसवलेलं असतं. चारही बाजूंनी ओढून, ताणून, जमेल तिथे झिप टाय मारून बसवलेलं. पहिल्याच पावसात खर्र-खर्र आवाज येतो, दुसऱ्या आठवड्यात ब्रॅकेटपाशी तडा जातो आणि जुलैत ते मडगार्ड माळ्यावर जातं.

दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीला ही अडचण नाही. तिच्या टायर आणि मडगार्डमध्ये बोट सहज फिरतं. अडचण आहे ती आजच्या हायब्रिड आणि रोड सायकलींची. टायर आणि फोर्क (पुढचं चाक दोन पायांत धरणारा भाग) यांच्यात एक सेंटिमीटर मिळाला तरी नशीब. अशा सायकलीला पूर्ण लांबीचं, काड्यांचं (बारीक धातूच्या काड्यांनी फ्रेमला धरलेलं) मडगार्ड कसं बसवायचं, आणि कधी बसवायचंच नाही, ते खाली क्रमाने लिहिलंय. क्रम मोडू नका. बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम मोडल्यामुळेच.

१. दुकानात जायच्या आधी मोजा

मोजण्याआधी तीन गोष्टी करा.

टायरमध्ये तुम्ही रोज चालवता तेवढी पूर्ण हवा भरा. कमी हवेचा टायर बारीक दिसतो आणि फसवतो. टायर नवा असेल तर हवा भरून दोन-तीन दिवस जाऊ द्या, नवा टायर थोडा फुगतो.

क्विक रिलीज, म्हणजे चाकाच्या आसावरची लिव्हर, सैल करून चाक फ्रेममध्ये पुन्हा नीट बसवा. सायकल जमिनीवर उभी, थोडं वजन हँडलवर, मग लिव्हर बंद. चाक एका बाजूला दोन मिलिमीटर तिरकं बसलेलं असेल, तर पुढची सगळी मापं चुकतात.

चाक फिरवून बघा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर आधी चाक सरळ करून घ्या. डुलणारं चाक आणि घट्ट मडगार्ड यांची कधीच मैत्री होत नाही.

आता टायरच्या बाजूला कोरलेला आकडा वाचा. 35-622 असं लिहिलेलं असेल तर टायरची रुंदी 35 मिमी आणि रिमचा व्यास 622, म्हणजे आपण ज्याला 700सी म्हणतो तो. हा आकडा फक्त सुरुवातीला धरा. रिम रुंद असेल तर 35 चा टायर प्रत्यक्षात 37 भरतो. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावून खरी रुंदी घ्या.

मग जागा मोजा. पट्टी तिथे शिरत नाही, म्हणून मी ॲलन की (वाकडा, षटकोनी पाना) वापरतो. 6 ची की म्हणजे बरोबर 6 मिमी, 8 ची म्हणजे 8. सपाट बाजू टायरला लावून की सरकवायची. अडकली तर जागा कमी, सैल गेली तर जास्त. ड्रिलचे बिट असतील तर त्यांची बिनधाराची, गुळगुळीत बाजूही चालते. पुढील ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहा:

- फोर्कच्या माथ्याखाली, म्हणजे टायरच्या अगदी वर
- फोर्कच्या दोन पायांच्या आत, टायरच्या दोन्ही बाजूंना
- कॅलिपर ब्रेक (टायरच्या वर बसून दोन हातांनी रिम चिमटणारा) असेल तर त्याच्या खालच्या कडेशी
- मागे, सीटपाशी दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या आडव्या पट्टीखाली
- मागे खाली, पेडलच्या बेअरिंगमागच्या आडव्या पट्टीपाशी
- पेडलच्या बेअरिंगपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या आत, टायरच्या दोन्ही बाजूंना

शेवटचं ठिकाण लोक हमखास विसरतात, आणि मडगार्ड तिथेच अडतं.

हिशेब असा. टायर आणि मडगार्डमध्ये 10 मिमी मोकळी जागा असेल तर उत्तम. 6 मिमी ही माझी शेवटची मर्यादा. त्यात मडगार्डची जाडी सुमारे 2 आणि ब्रॅकेट किंवा स्क्रूचं डोकं सुमारे 3 मिळवा. म्हणजे फोर्कच्या माथ्याखाली किमान 11 मिमी हवेत. रुंदीला, मडगार्ड टायरपेक्षा 8 ते 10 मिमी रुंद हवं. 32 च्या टायरला 40-42 चं. आणि एवढं रुंद मडगार्ड फोर्कच्या पायांमधून न चेपता जायला हवं.

*सावधान:* 6 मिमीच्या खाली उतरायचा मोह होईल. रस्त्यावरचा बारीक खडा सहज 6-7 मिमीचा असतो. तो टायरला चिकटून आत गेला आणि बाहेर पडला नाही तर मडगार्डला ओढतो. पुढच्या चाकात हे झालं तर मडगार्ड दुमडून फोर्कखाली अडकतं, चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. चांगल्या कंपन्या पुढच्या काड्यांना जोर आला की सुटणारी प्लॅस्टिकची क्लिप देतात, ती याच कारणासाठी. ती "ढिली वाटते" म्हणून काढून तिथे नट मारू नका.

२. जागा कमी भरली तर

आधी टायर बदलायचा विचार करा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, पण लोक त्याच्याकडे शेवटी वळतात. टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असते, म्हणून 35 वरून 32 वर आलात की वर 3 मिमी आणि प्रत्येक बाजूला दीड मिमी मोकळे होतात. माझ्या स्वतःच्या हायब्रिडला 35 च्या टायरवर फोर्कखाली 9 मिमी होते. 32 चा घातला, 12 झाले, काम झालं. पहिल्या वर्षी मी टायर न बदलता मडगार्ड चेपून बसवलं होतं. त्याची कथा पुढे येईल.

कॅलिपर ब्रेकच्या रोड सायकलीत अडचण ब्रेकचीच असते. ब्रेकच्या बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर नेहमीच्या ब्रेकमध्ये 39 ते 49 मिमी असतं, लांब हातांच्या ब्रेकमध्ये 47 ते 57. पहिल्या प्रकारात 28 चा टायर आणि मडगार्ड दोन्ही मावतील ही आशा सोडा. दुसऱ्यात बहुतेक वेळा मावतात.

टायर बारीक करूनही माथ्याखाली 7 ते 10 मिमीच उरत असतील, तर मडगार्ड दोन तुकड्यांत कापून बसवता येतं. एक तुकडा फोर्कच्या पुढे, एक मागे, माथ्याखाली काहीच नाही. दोन्ही तुकडे स्वतंत्र ब्रॅकेटवर टेकतात. दिसायला बरं नाही, मधून थोडं पाणी उडतं, पण पाय आणि चेन कोरडी राहते. बाजूंनी दोन-तीन मिमी कमी असतील तर मडगार्डची कड फक्त तेवढ्या भागापुरती कापून खाच करा. कापल्यावर कानस मारून कड गुळगुळीत करा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो.

7 मिमीच्याही खाली असेल तर काड्यांचं मडगार्ड विसरा. सीटखाली अडकवायची पट्टी आणि फोर्कला बांधायचं छोटं मडगार्ड घ्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. मापं जमली तरी तुमचा रोजचा रस्ता काळ्या मातीतून जात असेल तर घट्ट मडगार्ड लावू नका. ओली काळी माती टायरला थरावर थर चिकटते. 6 मिमीची जागा शंभर मीटरमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. घट्ट मडगार्ड हे डांबरी आणि काँक्रीट रस्त्याचं काम आहे.

३. सामान मांडून ठेवा

4 आणि 5 ची ॲलन की, 8 आणि 10 चा पाना, पक्कड, बारीक दातांची हॅक्सॉ, कानस, मार्कर, मास्किंग टेप, ग्रीस, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव). लाल थ्रेडलॉक नको, नंतर सुटत नाही. फ्रेमवरची मडगार्डची भोकं बहुतेक सायकलींत 5 मिमीच्या स्क्रूची असतात. वेगवेगळ्या लांबीचे स्टेनलेस स्क्रू, वॉशर आणि नायलॉनवाले नट हार्डवेअरच्या दुकानातून मूठभर जास्तच आणा.

जुनी ट्यूब फेकली नसेल तर बाहेर काढा. तिचे गोल तुकडे कापून रबरी वॉशर करायचे आहेत.

आणि खोक्याचा पुठ्ठा. तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून दोन-तीन थर एकावर एक चिकटवा. चेपल्यावर जाडी 6 ते 8 मिमी भरली पाहिजे. पुन्हा ॲलन की शेजारी धरून बघा. या पट्ट्या टायरवर टेपने चिकटवायच्या आणि मडगार्ड त्यांच्यावर टेकवायचं. सगळीकडे अंतर आपोआप सारखं येतं. डोळ्याने अंदाज घेत बसलात तर संध्याकाळ जाईल.

फ्रेमच्या भोकांमध्ये रंग आणि माती भरलेली असते. हाताने स्क्रू फिरवून बघा, अडला तर जबरदस्ती करू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. दुकानातून 5 मिमीचा टॅप (आटे साफ करणारं हत्यार) मारून घ्या.

*तपासा:* फोर्क कार्बनचा असेल आणि त्याला मडगार्डची भोकं नसतील तर त्यावर क्लॅम्प आवळायचा नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या फोर्कला भोकं नसली तर आतून रबर असलेला क्लॅम्प चालतो.

४. मागचं मडगार्ड, सगळं सैल

मागून सुरुवात करा. तिथे जागा जास्त असते आणि चूक झाली तरी तोंडावर आपटत नाही.

चाक काढा. मडगार्ड आत सरकवा. खालच्या आडव्या पट्टीला स्क्रू किंवा क्लिप लावा, अर्धवट. मग वरच्या पट्टीला, अर्धवट. चाक परत घाला, पुठ्ठ्याच्या पट्ट्या टायरवर लावा आणि मडगार्ड हाताने त्यावर टेकवा.

आता हात सोडा आणि बघा मडगार्ड कुठे जातं. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मडगार्ड आडव्या पट्टीपासून चार मिमी लांब उभं राहिलं, तर ते चार मिमी स्क्रू आवळून भरून काढायचे नाहीत. तिथे वॉशर किंवा ट्यूबच्या चकत्या घालून ती फट भरायची. मी पहिल्या वर्षी स्क्रू आवळून मडगार्ड ओढून घेतलं होतं. छान टणक बसलं. सव्वा महिन्याने ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी केसाएवढी चीर दिसली, आणि एका स्पीड ब्रेकरवर मागचा निम्मा भाग टायरवर पडला. ताणात बसवलेलं मडगार्ड रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याला त्याच जागी वाकतं. आरामात बसलेलं मडगार्ड नुसतं थरथरतं.

काड्या शेवटी लावा. त्यांचं काम मडगार्ड आहे तिथे धरून ठेवणं, त्याला जागेवर ओढून आणणं नाही.

*सावधान, उजवी बाजू:* चेनच्या बाजूचा काडीचा स्क्रू आतून बाहेर आला तर सगळ्यात लहान दातचक्रावरची चेन त्याला घासते. स्क्रूचं टोक फ्रेमच्या आतल्या कडेशी सपाट हवं, एक आटाही पुढे नको. चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा, पेडल मागे फिरवा आणि वाकून बघा. लांब असेल तर कापा किंवा आणखी एक वॉशर घाला.

*डावी बाजू:* डिस्क ब्रेकचा कॅलिपर काडीच्या वाटेत येतो. काडी पक्कडीने वाकवण्यापेक्षा 10-15 मिमीचा स्पेसर (मध्ये घालायची पोकळ नळी) घाला आणि स्क्रूही तेवढाच लांब घ्या. जुना स्क्रू तसाच वापरलात तर तो फक्त दोन आट्यांवर लटकतो.

पुढच्या गिअरचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) असेल तर तो मागे झुकतो तेव्हा मडगार्डला लागतो का तेही बघा. लागत असेल तर मडगार्डचं तिथलं टोक तेवढंच कापा.

५. पुढचं मडगार्ड

क्रम तोच: माथा, मग चाक, मग पुठ्ठा, मग काड्या. कॅलिपर ब्रेक असेल तर ब्रॅकेट फोर्कच्या मागच्या बाजूने, ब्रेकच्याच बोल्टवर बसतं. ब्रॅकेटच्या जाडीने बोल्ट आखूड पडतो का ते बघा. नटात पूर्ण आटे आलेच पाहिजेत, हा ब्रेकचा बोल्ट आहे. मग ब्रेकची लिव्हर पूर्ण दाबा. ब्रेकचे हात मिटताना खाली येतात आणि मडगार्डवर टेकतात. तिथे खाच हवी असेल तर आत्ताच करा.

पुढच्या मडगार्डच्या रेषेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. टायर खडा उचलतो तो मडगार्डच्या मागच्या, खालच्या टोकातून आत शिरतो, वरून फिरतो आणि पुढच्या टोकाने बाहेर पडतो. मागच्या चाकालाही हेच लागू. म्हणून सगळ्यात अरुंद जागा दारातच हवी. खालच्या टोकाशी 15 मिमी आणि फोर्कखाली 6 मिमी ठेवलेत, तर मोठा खडा आत घ्यायचा आणि मध्येच अडवायचा अशी सोय तुम्हीच केलीत. फोर्कखाली 6 असतील तर खालच्या टोकाशीही 6 ठेवा आणि पुढे जाताना जागा थोडी वाढू द्या. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, कारण खालचं टोक टायरपासून लांब दिसलं की सुरक्षित वाटतं.

*तपासा:* सायकलवर बसा, उजवं पेडल पुढे आडवं आणा, हँडल डावीकडे पूर्ण वळवा. बुटाचं टोक मडगार्डला लागतं का? मग डावं पेडल पुढे आणून हँडल उजवीकडे वळवा, तसंच बघा. लहान फ्रेमच्या सायकलींत लागतं. थोडं लागत असेल तर सिग्नलवर हळू वळताना लक्षात ठेवायची गोष्ट आहे. बूट अडकून दाबला जात असेल तर मडगार्ड मागून आखूड करा किंवा टायर बारीक घ्या.

६. आवळायचा क्रम

आधी वरचे ब्रॅकेट, मग फ्रेमवरची भोकं, सगळ्यात शेवटी काड्या मडगार्डला जिथे जोडल्या आहेत तिथले स्क्रू. प्रत्येक स्क्रूनंतर चाक एकदा फिरवा. कुठे आवळल्यावर घासायला लागलं ते लगेच कळतं. सगळं आवळून मग फिरवलंत तर आठ स्क्रू पुन्हा सोडावे लागतील.

ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. एवढी ताकद पुरे. नायलॉनचा नट नसेल तिथे थ्रेडलॉकचा एक थेंब टाका. ज्या भोकात थ्रेडलॉक नाही तिथे ग्रीस हवंच. पावसात स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियममध्ये धरून बसतो आणि पुढच्या वर्षी काढताना तुटतो.

मागून बघा. मडगार्ड टायरच्या मध्यावर आहे का? एका बाजूला कललं असेल तर दोन काड्यांची लांबी दोन-तीन मिमी कमी-जास्त करा. मडगार्ड हाताने पिळून सरळ करू नका, ते परत जातंच.

७. काड्या कापणं

इथपर्यंत काड्या कापलेल्या नाहीत, बरोबर? ज्यांनी आधीच कापल्या त्यांना नवा सेट घ्यावा लागतो. सुरुवातीला टायर बदलावासा वाटू शकतो, म्हणून मी पहिले दोन दिवस लांब काड्या टेप गुंडाळून तशाच ठेवतो.

मग क्लिपच्या बाहेर 5 मिमी सोडून मार्करने खूण करा. मडगार्ड जागेवर असतानाच खूण करा, कापायला मात्र काडी काढून बाहेर आणा. फ्रेमवर हॅक्सॉ चालवू नका. टोक कानसीने गोल करा, वर प्लॅस्टिकची टोपी घाला. टोपी हरवली तर जाड वायरचं साल कापून बसवा. उघडं टोक पोटरीला लागलं की कळतं.

८. फ्लॅप

खालच्या टोकाला फ्लॅप नसेल तर मडगार्डने अर्धंच काम केलं. पुढच्या चाकाचं पाणी बुटावर आणि चेनच्या पुढच्या चक्रावर येतं, ते फ्लॅपच अडवतो. तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनचं प्लॅस्टिक चांगलं चालतं. मडगार्डएवढी रुंद, खाली थोडी पसरट अशी पट्टी कापा. जमिनीपासून सहा-सात सेंटिमीटर वर संपेल एवढीच लांब ठेवा. दोन छोटे स्क्रू मारा, नट बाहेरच्या बाजूला, टायरकडे फक्त सपाट डोकं.

९. रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

पुढचं चाक काढून परत घाला. मागचंही. पंक्चर पावसातच होतं, आणि मागच्या चाकाची फट मागे उघडणारी असेल तर चाक निघताना मडगार्डला अडतं. हवा सोडून निघत असेल तर चालेल. न निघाल्यास मडगार्डचं खालचं टोक सोडता येईल अशी सोय आत्ताच करा.

सायकल दोन इंच उचलून खाली सोडा. खडखड आली तर कुठून ते बोट ठेवून शोधा: बोट ठेवलं की आवाज थांबतो, तीच जागा. तिथे ट्यूबची चकती.

मग गल्लीत फेरी मारा. सीटवरून उठून, जोर लावून पेडल मारा. चाक जोरात कलतं आणि उभ्या सायकलीवर न दिसणारी घसट तेव्हाच ऐकू येते. जोर लावतानाच आवाज येत असेल तर बाजूची जागा दोन मिमीने कमी आहे, मध्य पुन्हा जुळवा.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा. नंतर पावसाळाभर दर रविवारी, चेन पुसताना, 6 ची ॲलन की फोर्कखालून फिरवा. अडली तर आत माती वाळून बसली आहे. पाण्याचा पाइप लावून ती धुऊन काढा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका.